पाहणीसाठी रंगवलेली होडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलात की माझं बोलणं तुटतं, आणि एकदा तुटलं की ते पुन्हा जोडायला मला वेळ लागतो. आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यात म्हणतात, दामू नाखव्याला हाक मारली की तो तिसऱ्या लाटेला ओ देतो. खरं आहे ते. चौथीपर्यंत शाळा, पुढे सगळा दर्या. दर्यावर बोलून काय करायचं, ऐकतो कोण?

पण ही गोष्ट सांगताना मला आजही राग येतो, आणि राग आला की मी भरभर बोलतो. तेवढं सांभाळून घ्या. आणि चहा घ्या, निवतोय.

तर मी माती खाल्ली. थोडीथोडकी नाही, पाटीभर.

माझ्या होडीचं नाव हौसा. हौसा म्हणजे माझी आई. बापाच्या माघारी तिने डोक्यावर टोपली घेऊन चौलच्या आळीआळीत मासळी विकली आणि तीन पोरं वाढवली. पहिली होडी बांधली तेव्हा नाव काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता. पुढच्या टोकाला, ज्याला आम्ही नाळ म्हणतो, तिथल्या फळीवर मी स्वतः अक्षरं कोरली. 'हौ'ची मात्रा थोडी वाकडी गेली आहे. असू दे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मच्छीमार सोसायटीत होड्यांच्या विम्याचे फॉर्म भरले गेले. सोसायटीचा सेक्रेटरी हिराजी माझा लहानपणचा सोबती. तो लिहीत होता, मी अंगठ्याशेजारी सहीसुद्धा करत होतो. तेवढ्यात माझ्या बायकोने, चांगुणाने, सुकटीच्या पाट्या खाली ठेवून विचारलं, "होरीचा उतरवला. तुमचा?"

मी म्हटलं, "मी काय लाकूड हाय?"

सगळे हसले. ती हसली नाही. तिने हिराजीला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. मी लक्ष दिलं नाही. ही माझी सवय तुम्ही लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग गेल्या आषाढात वादळ झालं. होडी किनाऱ्यावर ओढलेली, वर ताडपत्री, खाली लाकडाच्या टेकण्या. पावसाळ्यात ती तिथेच असते, म्हातारीने पडवीत बसावं तशी. मागचं सुरूचं झाड उपटून थेट नाळेवर आलं. सकाळी मी गेलो तर पुढच्या चार फळ्या चिरलेल्या, आत हात जाईल एवढं भगदाड, आणि आईच्या नावाची फळी मधोमध दुभंगलेली. 'हौ' एकीकडे, 'सा' एकीकडे.

मी ताडपत्री आणून तिच्यावर नीट पांघरली. आणि खाली बसलो. बाकी काही सुचलं नाही.

हिराजी आला, त्याने खिशातून मोबाईल काढला आणि ताडपत्री वर करून फोटो काढायला लागला. माझं डोकं फिरलं. आमच्या घरात रीत आहे. मोडलेली होडी परक्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. ती सावरेपर्यंत झाकून ठेवायची, सावरली की हळदकुंकू लावून मगच लोकांसमोर आणायची. आणि इथे तर होडी आईच्या नावाची. मी म्हटलं, "हिऱ्या, तुझी आय आजारी पडली तर तिचा असाच फोटू काढशील?" एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी त्याच्या शेजारी उभा राहून एकेक फोटो त्याला पुसायला लावला. सहा होते. मोजून सहा पुसले.

हिराजी म्हणाला, कंपनीला फोन कर. मी केला. आधी एक बाई गोड आवाजात म्हणाली की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचला की! पण नाही, गाणं लावलं. ते गाणं मी इतक्या वेळा ऐकलं की चांगुणा बोंबील वाळवताना ते गुणगुणायला लागली.

शेवटी एकदाचा कोणीतरी फोनवर आला. त्याने विचारलं, नुकसान झालं तेव्हा बोट समुद्रात होती का.

मी म्हटलं, आषाढात होडी समुद्रात कोण नेतो?

तो म्हणाला, म्हणजे जमिनीवर होती. मग बघावं लागेल, जमिनीवरचं बसतं की नाही.

आता तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? हप्ता बारा महिन्यांचा घेतात. त्यातला पावसाळा होडी जमिनीवर असते हे इथल्या मांजरालाही ठाऊक आहे. म्हणजे मी वादळात होडी घेऊन गेलो, बुडवली, सोबत तीन खलाशी बुडवले, तर विमा. आणि शहाण्यासारखी किनाऱ्यावर बांधून ठेवली तर बघावं लागेल! हा विमा आहे की जाळं? जाळ्याला भोकं असतात ती मासा अडकावा म्हणून. ह्यांच्या कागदाला भोकं आहेत ती माणूस खाली पडावा म्हणून.

हे सगळं मी त्याला बोललो नाही. मला सुचलं तोवर फोन ठेवून दोन दिवस झाले होते.

तिसऱ्या लाटेचा माणूस मी. पण एकदा लाट आली की आली. नारळी पौर्णिमा जवळ येत होती. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली नाही तर माझी चूल जाऊ दे, माझ्या तीन खलाशांच्या चुलींचं काय? चांगुणाने गळ्यातली सोन्याची माळ काढली आणि लाकडासाठी गहाण ठेवायला माझ्या हातात दिली. म्हणाली, विम्याचं आलं की सोडवू. ती माळ तिच्या आईची. माळ काढल्यावर तिच्या गळ्यावर एक फिकट रेघ राहिली होती, उन्हाने न रापलेली. ती रेघ बघून मी निघालो, माळ सावकाराकडे ठेवली, रिक्षात बसलो आणि अलिबागला कंपनीच्या ऑफिसात गेलो. मनाशी ठरवलं, माळ परत आणायची, नाहीतर ऑफिस डोक्यावर घ्यायचं.

आत टेबलामागे एक जाडसर माणूस बसला होता. समोर कागद, डोळ्यांवर चष्मा. मी नमस्कारसुद्धा केला नाही. फोननंतर दोन दिवसांनी सुचलेलं सगळं म्हणून टाकलं. जाळं, भोकं, मांजर, काहीही सोडलं नाही. आयुष्यात एवढा वेळ सलग मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो. तो माणूस शांतपणे ऐकत होता. मध्ये उठून त्याने मला पाण्याचा ग्लास दिला. मी पाणी प्यालो आणि पुन्हा चालू झालो. मधूनमधून तो मान हलवायचा, म्हणायचा, "बरोबर हाय तुमचं. अगदी बरोबर हाय."

मला वाटलं, माणूस पाघळला. मी आवाज खाली आणून विचारलं, "मग माझं काम कधी करताव?"

तो म्हणाला, "बाबा, मी चौलचा टेम्पोवाला. मॅडम चहाला गेल्यात, म्हणून पंख्याखाली येऊन बसलो. माझा टेम्पो त्याच वादळात उलटला. टेम्पोचा विमा हाय, आतल्या सुपारीचा न्हाय. ते भांडायलाच मी आलोय. पण तुमचं एवढं झकास चाललं होतं, म्हटलं मधे कशाला तोडा."

मी त्याचं ऋण विसरणार नाही. दुसऱ्या कोणी ते ऐकून घेतलं नसतं.

मग खऱ्या मॅडम आल्या. तोवर माझ्यातली निम्मी हवा गेली होती, पण उरलेली होती ती मी वापरली. त्यांनी शांतपणे माझे कागद उघडले, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या पॉलिसीत किनाऱ्यावर ओढलेली बोट आहे. फोनवर चुकीचं सांगितलं तुम्हाला. गुरुवारी पाहणीला साहेब येतील."

मी जिंकलो होतो! चौथी शिकलेला दामू नाखवा कंपनीला हरवून निघाला होता. मॅडम पुढेही काहीतरी बोलत होत्या. बोटाने खुणा करत होत्या. पण मी त्या टेम्पोवाल्याकडे बघून मान ताठ केली आणि जिना उतरायला लागलो. मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत आला. मी मागे वळून हात जोडले. मला वाटलं, बाई माफी मागतायत.

घरी आल्यावर चांगुणाने विचारलं, "बाय काय बोलली?"

"गुरवारी सायब बघायला येणार."

"आनि?"

"आनि काय? एवढं बास न्हाय?"

तिला पटलं नाही. म्हणाली, आणखी काहीतरी बोलली असणार, शिकलेली माणसं एवढ्यावर थांबत नाहीत. मी म्हटलं, तू मासळी बघ.

आता माझं डोकं कसं चाललं ते नीट ऐका. साहेब येणार पनवेलहून. परका माणूस. होडी बघायला येणार. आईला फाटक्या लुगड्यात पाहुण्यासमोर कोण उभं करतो? त्यात माझ्या मनात तो राग. ह्या लोकांना दाखवायचंच की आम्ही भिकारी नाही, आम्ही होडी कशी जपतो ते बघा, आणि मग बघू कोण पैसे अडवतो.

सोमवारी मी गोपाळ मेस्त्रीला पकडला. होड्या बांधण्यात त्याच्यासारखा हात ह्या पट्ट्यात नाही. त्याला म्हटलं, बुधवार संध्याकाळपर्यंत. तो म्हणाला, शक्य नाही. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. मी फार वेळ नुसता बघत राहू शकतो. तो कामाला लागला.

तीन दिवस ताडपत्रीखाली आम्ही राबलो. चिरलेल्या फळ्या काढल्या, माळेच्या पैशाचं नवं लाकूड बसवलं, फटींत कापूस ठासला, वर राळ. खलाशांनी निळा रंग मारला, कडेला पिवळी पट्टी. पाऊस सारखा येत होता, पंखा आणून रंग वाळवला, वायर शेजारच्या घरातून. गोपाळने लाकूड असं काही जुळवलं की हात फिरवला तरी सांधा लागत नव्हता. नव्या फळीवर मी पुन्हा आईचं नाव कोरलं. ह्या वेळी मात्राही सरळ आली.

पडलेल्या झाडाचं काय, विचाराल. किनारा नीट दिसावा म्हणून ते कापून, होडी ओढायला त्याचे ओंडके केले. मुळांचा खड्डासुद्धा मी वाळूने भरला. वर पायाने चोपला.

सांगा, आणखी काही राहिलं का?

गुरुवारी साहेब आले. तिशीतला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट हातात, गळ्यात कॅमेरा. मला वाटलं होतं कोणी ताठ्याचा असेल. तर हा आल्याआल्या माझ्या पाया पडला. म्हणाला, त्याचे आजोबा उरणकडे मिठागरावर होते. मग मी थोडा मऊ झालो.

चांगुणाने चहा दिला. तो प्यायला, बशी खाली ठेवली. मी ताडपत्री ओढली.

हौसा नव्या नवरीसारखी उभी. झेंडूची माळ, नारळ, हळदकुंकू. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

तो होडीभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला वाकून खालून बघितलं. नाळेवर हात फिरवला. मग म्हणाला, "बाबा, फार सुंदर बोट आहे. आता मोडलेली दाखवा."

मी म्हटलं, "हीच."

"ही कुठे मोडली आहे?"

"न्हाय ना मोडलेली," मी अभिमानाने म्हटलं. "केली नीट. तुम्ही येणार म्हणून."

तो ओल्या वाळूत खालीच बसला. आधी मला वाटलं, काम बघून भारावला. मग त्याने हळू आवाजात विचारलं की मॅडमनी मला सांगितलं नव्हतं का, पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही म्हणून.

तेव्हा मला तो जिना आठवला. मॅडमची बोटं आठवली. माफी मागत नव्हत्या त्या.

साहेब भला माणूस. त्याने फार प्रयत्न केला. विचारलं, वादळानंतरचे फोटो? हिराजी मागे उभा होता, तो आभाळाकडे बघायला लागला. विचारलं, पडलेलं झाड? मी ओंडक्यांकडे बोट केलं. एका ओंडक्याला तो स्वतःच टेकून बसला होता. शेवटी त्याने विचारलं, "जुन्या फळ्या तरी असतीलच. फेकल्या नाहीत ना?"

"फेकणार कसं?" मी म्हटलं. "होडीचं लाकूड आम्ही उकिरड्यावर टाकत न्हाय. चुलीला लावतो."

"कधी लावलं?"

मी चांगुणाकडे बघितलं. चांगुणाने साहेबांच्या बशीकडे बघितलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "तुमचा च्या त्याच्यावरच उकळला."

सगळ्या किनाऱ्यावर कोणी हसलं नाही. ती वेळ हसण्याची नव्हती, हे माझे लोक समजतात. चांगुणाचा हात गळ्याशी गेला, जिथे माळ नव्हती तिथे, आणि तिने तो पदरात लपवला. ते मी बघितलं. त्या क्षणी मला एवढा राग आला की कानात दर्या वाजायला लागला. आणि रागवायचं कोणावर? फोनवाल्यावर? तो चुकला, पण मॅडमनी दुरुस्त केलं. मॅडमवर? त्या बिचाऱ्या जिन्यापर्यंत ओरडत आल्या. साहेबावर? तो माझ्या पाया पडला होता. इतके दिवस मी ओरडत होतो की कंपनीच्या कागदाला भोक आहे. कागद धड होता. भोक फक्त होडीला होतं, आणि कंपनीला दाखवायचं तेवढं एकच भोक मी स्वतःच्या हाताने, राळ लावून, दोन हात रंग देऊन बुजवलं होतं.

साहेब उठला. निघता निघता त्याने विचारलं, एकही तुकडा नाही? अगदी एकही?

एक होता. तो मला जाळवला नव्हता. घरात देवाच्या फळीखाली फडक्यात गुंडाळलेला, 'हौ' एकीकडे, 'सा' एकीकडे. मी आणून दिला. त्याने दोन्ही तुकडे वाळूवर ठेवून चारही बाजूंनी फोटो काढले, आणि जाताना तुकडे पुन्हा फडक्यात नीट गुंडाळून माझ्या हातात दिले.

महिन्याभराने कंपनीचे पैसे आले. एका फळीचे. आईने मेल्यावरसुद्धा पोराला जेवढं देता येईल तेवढं दिलं. रंगाचे धरले होते, पिवळ्या पट्टीचे मात्र नाही.

होडी पौर्णिमेला पाण्यात गेली. माळ मात्र सावकाराच्या तिजोरीत राहिली, आणि मला चांगुणाच्या गळ्याकडे बघवत नव्हतं. मग मी काय केलं, तर कोळीवाड्याला शिकवायला लागलो. दुसरं काय करणार? कोणाचं जाळं फाटलं, कोणाचं कौल उडालं, कोणाची गाडी नालीत गेली, की मी तिथे हजर. "हात लावू नका! आधी फोटू! चारी बाजूंनी! मोडलेलं जसंच्या तसं ठेवायचं!" आयुष्यभरात बोललो नाही तेवढं त्या सहा महिन्यांत बोललो. लोक मला बघितलं की मोबाईल काढायचे. मला वाटायचं, मान देतायत.

आता माळ कशी सुटली तेवढं सांगतो.

माघात एका सकाळी धक्क्याच्या उतारावर शेवाळावरून माझा पाय सटकला. मी असा पडलो की एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि लुंगीचं काय विचारू नका. घोट्यात कड् आवाज आला. तो मीच नाही, पलीकडे जाळी शिवणाऱ्यांनीही ऐकला. सगळे धावत आले. मी हात वर केला, उचला म्हणून.

कोणी उचललं नाही.

माझ्याभोवती गोल करून उभे राहिले, दोन हात अंतर ठेवून. हिराजीने मोबाईल काढला. त्याच्या तोंडावरचा आनंद मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "नाखवा, हलू नको. चारी बाजूंनी घ्यायचेत." पहिला काढला, दुसरा काढला. मोजून सहा काढले. मी त्याला शिव्या दिल्या, तर म्हणाला, ह्या वेळी एकही पुसणार नाही.

तेवढ्यात चांगुणा धावत आली. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी सोसायटीत मी लाकूड आहे का म्हणून विचारलं होतं ना, त्याच दिवशी तिने सुकटीच्या पैशातून माझा आणि तिन्ही खलाशांचा अपघाताचा विमा उतरवला होता. हिराजीला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. दोन वर्षं त्याने ठेवलं. पुढे त्या पायाचे पैसे आले. पूर्ण आले, एक कागद परत आला नाही, आणि त्यातून माळ सुटून तिच्या गळ्यात गेली.

पण ते पुढचं. त्या वेळी मी चिखलात पडलो होतो आणि ती माझ्या डोक्याशी उकिडवी बसली होती. डोळ्यांत पाणी. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान हिला तरी कळतंय. सगळा कोळीवाडा बघत होता, म्हणून मी हळूच हात खाली नेऊन लुंगी सारखी करायला गेलो.

तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "काय पण नीट करू नका. मागच्या टायमाला नीट केलंत तेवढं बास झालं."